पेपर, कागद आणि फी : नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसले. आता घरी असते, पण मे उजाडला की आमच्या सिडकोतल्या ओट्यावर पोरं आणि पालक फायली घेऊन येतातच. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. खिडकीतून मला एकच गोष्ट दिसली : हुशारी कमी पडली म्हणून अडलेली मुलं थोडी, आणि कागद वेळेत नव्हता म्हणून अडलेली फार.

बारावी बोर्ड आणि सीईटी, दोन्हींचा अभ्यास एकत्र होतो का?

होतो, कारण अभ्यासक्रम एकच आहे, फक्त विचारण्याची तऱ्हा वेगळी. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, बारावीचा भाग साधारण ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के. पीसीएम ग्रुपला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेका गुणाचे, मिळून दीड तास. मॅथ्सचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यालाही दीड तास. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि मॅथ्सला १०८ सेकंद. पहिल्या दीड तासातला वेळ वाचवून मॅथ्सला वापरता येत नाही, हे बऱ्याच जणांना परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं.

यातून दोन गोष्टी निघतात. निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे, तेव्हा ‘मॅथ्स नंतर बघू’ म्हणणाऱ्याने आधीच अर्धा पेपर सोडलेला असतो. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्यांवर क्लिक करायचं.

माझा सल्ला असा : फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या पेपरपर्यंत पुस्तक लिहून लिहून पाठ करा, त्याच धड्याचे वीस-पंचवीस एमसीक्यू त्याच दिवशी सोडवा. बोर्ड संपलं की घड्याळ लावून संगणकावर सराव पेपर. कागदावर सोडवून भागत नाही, स्क्रीनवर वाचायची सवय वेगळी असते. अकरावीचे २० टक्के म्हणजे फुकटचे गुण आहेत, पण अकरावीची पुस्तकं रद्दीत गेलेली असतात! ती जपून ठेवा.

बोर्डाकडे अगदी पाठ फिरवू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरावीक तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. सीईटीला ९० पर्सेंटाईल आणि बोर्डाला ४४ टक्के, असा मुलगा मी समोर बसून रडताना पाहिलाय.

नीटची तयारी करतोय. सीईटीही द्यावी का?

द्या. नीटच्या ७२० गुणांवर सगळा डाव लावून बसू नका. पीसीबी, म्हणजे मॅथ्सऐवजी बायोलॉजीच्या ग्रुपची सीईटी फार्मसी आणि कृषीची दारं उघडी ठेवते. फक्त एक ध्यानात ठेवा : नीटला चुकलेल्या उत्तराचा एक गुण जातो, सीईटीला जात नाही. दोन्हीकडची सवय गोंधळवते, म्हणून सराव वेगवेगळ्या दिवशी करा.

क्लास लावल्याशिवाय जमतच नाही का?

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या फलकांवर विश्वास ठेवला तर नाही जमत. पण ज्याला स्वतःहून सकाळी पाचला उठून बसता येतं, त्याला पुस्तकं, जुने पेपर आणि शंका विचारायला एखादा शिक्षक एवढं पुरतं. ज्याला जमत नाही त्याने क्लास लावावा. मात्र दोन वर्षांची फी एकदम भरू नका. टप्प्याटप्प्याने भरा आणि प्रत्येक टप्प्याची पावती घ्या. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात म्हटलंय. पावती नसेल तर मात्र कशाच्या जोरावर मागणार?

‘कॉलेजला यायचीच गरज नाही, हजेरी आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्यांपासून जपून. प्रॅक्टिकल न करता बारावी सायन्स पास झालेली मुलं पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये पिपेट कसं धरायचं ते शेजारच्याकडे बघून शिकतात.

घर दोन खोल्यांचं, टीव्ही चालू. अभ्यास कुठे करू?

अभ्यासिकेत. शहरात खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्यात, महापालिकेच्याही आहेत. आधी चार दिवस बसून बघा, मगच महिन्याचे पैसे द्या. पंखा, प्रसाधनगृह आणि रात्री घरी परतायचा रस्ता, या तीन गोष्टी बघायच्या. एसी बघू नका. शिवाय १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, सगळे ‘सावाना’ म्हणतात ते. तिथल्या शांततेत जुन्या माणसांच्या शेजारी बसून पेपर वाचायचीही सवय लागते, ती स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडते.

कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची?

निकालानंतर नव्हे. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा.

आधी एक काम करा. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक असे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. माझ्या सख्ख्या भाच्याचं सांगते, निफाडकडचा. दाखल्यावर वडिलांचं नाव ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’. घरातल्या कुणालाच त्यात चूक दिसली नाही, कारण गावात माणूस एकच, दोन्ही नावांनी ओळखला जाणारा. जात पडताळणीच्या वेळी ती फाईल परत आली. प्रतिज्ञापत्र, शाळेचा जुना उतारा, पुन्हा रांग. तोवर प्रवेशाच्या दोन फेऱ्या उलटून गेल्या. आणि मी? मी त्याच कामाच्या खिडकीवर बसत होते. दुसऱ्यांचे कागद तपासता तपासता घरचा बघायचा राहिला.

आता यादी. अधिवास, म्हणजे डोमिसाईल, एकदाच काढायचं. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत टाका, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, कोतवाल बुकातली नोंद, घरात कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत, हे शोधायलाच एखादी मे महिन्याची सुट्टी जाते. सरकार मुदतवाढ देतं हे खरं, पण तिच्या भरवशावर राहू नका.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (मागासवर्गातल्या मर्यादित उत्पन्नाचा दाखला) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) यांचा संबंध आर्थिक वर्षाशी. म्हणून ते १ एप्रिलनंतर काढा. जानेवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये जुना ठरतो आणि पुन्हा तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, पुन्हा सेतू केंद्राची रांग. नॉन-क्रिमिलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं.

मुलींचं शिक्षण मोफत झालं म्हणतात. मग कॉलेज पैसे का मागतं?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी गटातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच होतं. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. आणि माफी शिक्षण शुल्काला आहे, ‘डेव्हलपमेंट फी’ला नाही. हॉस्टेल, बस, मेस तर सोडाच.

त्यामुळे कॉलेजने आकडा सांगितला की घाबरून किंवा भांडून उपयोग नाही. शांतपणे म्हणा, ‘फीची फोड लेखी द्या.’ त्यात शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, अनामत किती हे वेगळं लिहिलेलं असतं. पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी घ्यायचं नसतं. फी किती हे कॉलेज स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही, विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. पावतीवर न येणारी रक्कम मागितली, तर कॅपिटेशन फी घ्यायला मनाई करणारा कायदा राज्यात १९८७ पासून आहे.

आणि मुलाला?

खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्मं. कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांनाच मिळते, आणि शिकताना मध्ये दोन वर्षांचा खंड पडला तर जाते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. फ्रीशिपमध्ये निर्वाह भत्ता नसतो, शुल्क मात्र भरलं जातं. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि दरवर्षी नव्याने. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारे पुष्कळ असतात.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती?

नाही मिळत. ‘आधी सीट घ्या, स्कॉलरशिप नंतर बसवू’ असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. देणार नाहीत.

राहण्या-जेवण्याचा खर्च कोण देतं?

फीपेक्षा हाच खर्च पोराला मागे खेचतो, आणि याचीच माहिती सगळ्यात कमी. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी मुलांनी आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करायचा. तिथे जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, त्यामुळे निदान विचारायला मुंबईला जावं लागत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यांना भाड्याची खोली किंवा हॉस्टेलचा पुरावा लागतो, तेव्हा घरमालकाशी साधा करारनामा पहिल्याच महिन्यात करून घ्या. डिसेंबरात मागायला गेलात की घरमालक कपाळाला आठ्या घालतो. आणि सिंहस्थ जवळ येतोय, २०२७ मध्ये पंचवटीकडे खोल्या कशा मिळतील कोण जाणे. भाडं आधीच ठरवून ठेवा.

रोज ये-जा करणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास साधारण एक तृतीयांश भाड्यात पडतो. शहरात सिटीलिंक या शहर बससेवेचाही सवलतीचा पास आहे. सिन्नर, दिंडोरी, निफाडच्या मुलांनी खोलीचा विचार करण्याआधी हा हिशेब करावा.

महाडीबीटीवर ‘मंजूर’ दिसतं, पण खात्यात काहीच नाही. पैसे कुठे गेले?

दहातल्या सहा-सात वेळा पैसे दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात. मी अंदाजाने म्हणतेय, पण खिडकीवरचा अंदाज आहे. ही रक्कम खाते क्रमांकावर नव्हे, आधारवर जाते. तुमचं आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं तिथे ती जमा होते. कधीतरी आईने गॅसच्या अनुदानासाठी नाहीतर गावच्या शिबिरात तुमच्या नावाचं शून्य शिलकीचं खातं उघडलेलं असतं, त्याचं पासबुक कपाटाच्या तळाशी असतं, आणि पैसे तिथे निवांत पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. ते खातं बंद पडलं असेल तर चालू खात्यात आधार जोडायचा अर्ज बँकेत द्या. ‘केवायसी झालीय’ म्हणजे ‘डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याला) जोडलंय’ असं नव्हे. काऊंटरवर हे दोन वेगळे फॉर्म असतात.

शैक्षणिक कर्ज घ्यावं का? तारण द्यावं लागतं का?

शिष्यवृत्त्या बघून झाल्यावर जेवढं उरतं तेवढंच घ्या. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि चार लाखांपर्यंत घरचा वाटाही घालावा लागत नाही. कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. क्रमवारीत वर असलेल्या निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदारही नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळते. साडेचार लाखांच्या आतल्यांना तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते पोर्टलवर आधी बघा आणि मगच स्वप्नं रंगवा.

ज्यांना ही व्याज सवलत मिळत नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडते. समजा चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला दरवर्षी एक लाख उचललं, व्याज ९ टक्के सरळ. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ४५ हजार, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर २७, चौथ्यावर १८. झाले १ लाख २६ हजार. हे मुद्दलात मिळवलं की ५ लाख २६ हजारांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो साधारण ६,६६० रुपये. आता तेच व्याज शिकतानाच भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना ७५० रुपये, दुसऱ्या वर्षी १,५००, असं, तर हप्ता ५,०७० च्या आसपास राहतो. दहा वर्षांच्या हप्त्यांत फरक पडतो १ लाख ९० हजारांहून जास्त. पहिल्या वर्षीचे साडेसातशे म्हणजे पोराच्या मोबाईलचा हप्ता हो! तो न घेता हे भरा.

वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, बोट ठेवते. ही गोष्ट लपवू नका, आधीच सांगा आणि आईला सहकर्जदार करता येईल का ते विचारा. ‘तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ हे कारण चालत नाही, रिझर्व्ह बँकेने ते बँकांना बजावलंय. नकार दिलाच तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा साहेबांचा सूर बदलतो.

आमचं उत्पन्न शेतीचं, पैसा वर्षातून एकदा येतो. फीचं नियोजन कसं करू?

आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न हा. द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये हातात येतो, आणि प्रवेशाची फी जुलै-ऑगस्टमध्ये मागितली जाते. मधल्या काळात औषधवाला, मजुरी आणि एखादं लग्न तो खाऊन टाकतात. द्राक्षवाल्यांनी बागेचा चेक वटला त्याच आठवड्यात फीची रक्कम सहा महिन्यांच्या ठेवीत टाकावी, मुलाच्या नावावर.

कांदेवाल्यांचं दुखणं वेगळं. उन्हाळ कांदा चाळीत असतो आणि भाव चढेल म्हणून माणूस थांबतो. पहिल्या फेरीत सीट लागते, फी भरायला तीन-चार दिवस, आणि त्याच आठवड्यात लासलगावला भाव पडलेला. मग सावकार. मी पालकांना सांगते, फीपुरता कांदा मे महिन्यातच मोडून टाका, मिळेल त्या भावात. उरलेल्यावर खुशाल जुगार खेळा. शंभर-दोनशे रुपये क्विंटलमागे कमी आले तरी सावकाराच्या शेकडा तीनपेक्षा स्वस्तच पडतं.

बारावीला एक विषय राहिला. वर्ष गेलं का?

नाही. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती बघून मगच पुनर्मूल्यांकन. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि मुदत थोडी असते, तेव्हा निकालाच्या दिवशी रुसून बसू नका.

काम करत करत पदवी घेता येईल का?

येईल, आणि नाशिककरांनी तर हे विचारायलाच नको. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पाळी करणाऱ्या कितीतरी जणांनी त्याची पदवी घेतली आणि पुढे एमपीएससीही दिली, ती पदवी तिथे चालते. नेहमीच्या कॉलेजात असाल तर पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना विचारा. तासावर पैसे मिळतात, काम लायब्ररीत किंवा कार्यालयात. आमच्याकडे त्या योजनेतला एक मुलगा फायलींना नंबर घालायचा, पुढे त्याच कॉलेजात शिकवायला आला. लाज वाटायचं काम नाही.

परीक्षा जवळ आली की हात थरथरतात, झोप येत नाही. काय करू?

घरात कुणालातरी आजच सांगा. घरात जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनाही एक सांगते : परीक्षेच्या आदल्या रात्री फीचा विषय काढू नका. जेवण झालं की झोपू द्या.

फॉर्म कॅफेत भरू की स्वतः?

कॅफेत भरा हवं तर, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तोवर त्याने दुकान बदललेलं असतं. नाशिकरोडच्या एका मुलीचा असाच नंबर सापडेना. शेवटी जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला मिळाला, तोही तिच्या आजीने वाणसामानाची यादी करायला ती पावती जपून ठेवली होती म्हणून. युजरनेम, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर शाईने लिहा, आणि त्या पानाचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा.